चांद्याचे लोखंड आणि अरण्याचा कोळसा

वर्धा नदीच्या तीरापासून वैनगंगा ओलांडून थेट इंद्रावतीच्या काठापर्यंत पसरलेला जो विस्तीर्ण मुलूख पूर्वी चांदा जिल्हा म्हणून ओळखला जात असे, आणि १९८२ सालापासून जो चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला आहे, त्याचे नाव घेताच सामान्य वाचकाच्या मनात दगडी कोळशाच्या खाणी, सागाची वने, बांबूची बेटे आणि ताडोब्याचे वाघ एवढीच चित्रे उभी राहतात. परंतु याच मुलखाच्या टेकड्यांत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि ते गाळून त्याचे फाळ, कुऱ्हाडी व विळे घडविण्याची विद्या येथल्या अरण्यवासी लोकांच्या हाती शतकानुशतके होती, ही गोष्ट मात्र आपल्या औद्योगिक इतिहासात जेमतेम एखाद्या वाक्याची धनी झाली आहे. भारताच्या पोलाद-व्यवसायाचा इतिहास सांगताना आपण साकची आणि जमशेदपूर यांपासून आरंभ करतो. वस्तुतः त्या इतिहासातील पहिले स्वप्न चांद्याच्या लोखंडावरच पाहिले गेले होते. ते स्वप्न येथे फळास का आले नाही, आणि त्याआधी ज्या लहान भट्ट्या येथे पिढ्यानपिढ्या धगधगत होत्या त्या का विझल्या, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधू लागले म्हणजे असे दिसून येते, की लोखंडाच्या इतिहासाचे निर्णायक पान खनिजाने लिहिलेले नाही, ते इंधनाने लिहिलेले आहे.

हे नीट ध्यानी येण्यासाठी लोखंड गाळण्याची जुनी रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. निसर्गात लोखंड शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळते. ते प्राणवायूशी संयुक्त होऊन तांबड्या किंवा काळसर दगडाच्या रूपाने भूगर्भात असते. त्या दगडातून प्राणवायू काढून घेणे हेच लोखंड गाळण्याचे सारे रहस्य होय, आणि हे काम कोळसा दोन प्रकारे करतो. तो जळून उष्णता देतो, आणि अपुऱ्या हवेत जळताना त्याच्यापासून जो कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो तो खनिजातील प्राणवायू स्वतःकडे ओढून घेतो. चिकणमातीची, फार तर माणसाच्या कमरेएवढी उंच भट्टी उभारावयाची, तिच्या तळाशी मातीची नळी बसवून तिला भात्याची जोड द्यावयाची, वरून लाकडी कोळसा आणि बारीक फोडलेले खनिज यांचे थर आळीपाळीने घालीत जावयाचे, आणि तासन् तास भाता अखंड चालवावयाचा, ही ती रीत. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते. ती या भट्टीत कधीच निर्माण होत नसे. म्हणून लोखंड येथे पाण्यासारखे वाहत नसे. खनिजातील दगडमाती तेवढी वितळून लोहकिटाच्या रूपाने खाली निथळे, आणि लोखंडाचा सच्छिद्र, किटाने माखलेला गोळा तळाशी जमे. तो लाल असतानाच बाहेर काढून घणाखाली घालावयाचा, ठोकून ठोकून त्यातील कीट पिळून काढावयाचे, पुन्हा तापवावयाचा, पुन्हा ठोकावयाचा, आणि शेवटी जे घन, लवचिक, घडीव लोखंड हाती येई ते लोहाराच्या ऐरणीवर जाण्यास योग्य ठरे.

या रीतीत खनिजातील लोखंडाचा बराच अंश किटाबरोबर वाया जाई, हा तिचा दोष खरा. परंतु तिचा एक गुण असा होता, की लाकडी कोळशात दगडी कोळशाप्रमाणे गंधक नसल्यामुळे तीतून निघालेले लोखंड निर्मळ असे. युरोपात दगडी कोळशाचा व्यापार वाढल्यानंतरही स्वीडनच्या लाकडी कोळशावर गाळलेल्या लोखंडाला शेफील्डचे पोलाद-कारखानदार चढा भाव देत असत, ते याच कारणाने.

विदर्भात ही विद्या किती जुनी आहे, याचा पुरावा नागपूर जिल्ह्यातील नैकुंड या गावी मिळाला. पेंच नदीच्या काठी वसलेल्या या स्थळाचे उत्खनन १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, आणि त्यात वक्राकार विटांनी बांधलेल्या एका लहानशा वर्तुळाकार लोहभट्टीचे अवशेष, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या व लोहकीट उजेडात आले. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. नागपूरच्या आसमंतात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इत्यादी ठिकाणी मोठमोठ्या शिळांची जी वर्तुळे आढळतात, ती उभारणाऱ्या महापाषाणयुगीन लोकांची ही भट्टी होय. मृताच्या दफनाबरोबर त्यांनी जी लोखंडी आयुधे व अवजारे पुरली, त्यांत आडव्या पट्ट्यांनी दांड्याला जखडून बांधावयाच्या चपट्या कुऱ्हाडी विशेष लक्ष वेधून घेतात. ज्या लोकांनी मृताच्या सोबतीला लोखंड दिले, त्यांच्या लेखी त्या धातूचे मोल काय असेल आणि तो स्वतः गाळण्याचे सामर्थ्य अंगी असण्याचा त्यांना अभिमान केवढा असेल, याची कल्पना सहज करता येते. वैदर्भीय लोहविद्येचा प्रवाह अशा रीतीने अडीच हजार वर्षांहून अधिक जुना ठरतो.

त्या प्रवाहाचा वारसा पुढे ज्यांच्याकडे आला, ते लोक राजदरबारी कधी नावाजले गेले नाहीत. मंडला, बालाघाट आणि मैकल पर्वताच्या परिसरात अगारिया ही जमात, चांद्याच्या जंगलात गोंडांमध्ये मिसळून गेलेले लोहार, आणि इकडे सह्याद्रीत महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्या दगडातील लोखंड गाळणारे धावड, असे हे विखुरलेले कारागीर होते. अगारियांविषयी व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची भट्टी, त्यांचे भाते आणि त्यांची दैवतकथा यांचे सविस्तर वर्णन आले आहे. कातड्याने मढविलेल्या दोन भात्यांवर उभे राहून एकेका पायाने ते आळीपाळीने दाबावयाचे, आणि वाकविलेल्या बांबूला बांधलेल्या दोरीने दाबलेला भाता पुन्हा वर ओढला जावयाचा, अशी त्यांची युक्ती होती. यायोगे हात मोकळे राहत व एकच माणूस वाऱ्याचा अखंड झोत देऊ शके. बहुधा स्त्रियाही हे श्रमाचे काम बरोबरीने करीत. भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि अग्नीत अग्यासुर वास करतो, अशी त्यांची श्रद्धा होती. खनिज, इंधन आणि अग्नी या तीन तत्त्वांतून लोखंड जन्मास येते हे रसायनशास्त्राचे सत्य त्यांनी तीन दैवतांच्या रूपाने जतन करून ठेवले होते, आणि त्यांत कोळशाला स्वतंत्र दैवत दिले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण या धंद्यातील अर्ध्याहून अधिक श्रम भट्टीपाशी होतच नसत. ते अरण्यात होत. कठीण जातीचे लाकूड तोडावयाचे, त्याची रास रचून तीवर पालापाचोळा व माती यांचे आच्छादन घालावयाचे, आणि आत हवा बेताचीच जाईल अशा बेताने ते धुमसत ठेवावयाचे. हवा अधिक गेली तर लाकडाची राख होते, आणि कमी गेली तर ते अर्धवट कच्चे राहते. अशा रीतीने एक मण कोळसा पाडण्यास सामान्यतः पाच-सहा मण लाकूड खर्ची पडे, आणि एक मण लोखंड हाती येण्यास पुन्हा कित्येक मण कोळसा लागे. या हिशेबाकडे पाहिले म्हणजे लोखंडाच्या प्रत्येक फाळामागे केवढे अरण्य उभे होते, ते उमगते. परंतु जुन्या भट्ट्या लहान होत्या, विखुरलेल्या होत्या, आणि कित्येकदा वर्षातील थोडेच महिने चालत. एका ठिकाणचे लाकूड विरळ झाले की कारागीर आपली मातीची भट्टी सोडून दुसरीकडे जात व तेथे नवी उभारीत, आणि मागे राहिलेल्या खोडांना पुन्हा धुमारे फुटण्यास अवसर मिळे. जमीनदाराला किंवा सरकारला भट्टीमागे ठरावीक कर भरला म्हणजे रानात वावरण्यास त्यांना फारशी आडकाठी नसे. ही व्यवस्था समृद्ध नव्हती. तिच्यात दारिद्र्य होते, कष्ट होते. पण अरण्य आणि भट्टी यांच्यात तिने एक समतोल राखला होता.

हा समतोल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी ढासळला. १८५३ साली तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि तिच्याबरोबर विलायती लोखंडाच्या सळया व पट्ट्या बाजारात येऊ लागल्या. इंग्लंडात अब्राहम डर्बी याने १७०९ साली दगडी कोळशापासून तयार केलेल्या कोकवर लोखंड गाळण्यात यश मिळविले होते, आणि तेव्हापासून तेथील लोहव्यवसाय अरण्याच्या मर्यादेतून मुक्त झाला होता. कोकवर चालणाऱ्या प्रचंड भट्ट्यांतून निघालेले ते स्वस्त लोखंड दाराशी आल्यावर गावच्या लोहाराला रानातल्या भट्टीकडे जाण्याचे प्रयोजन उरले नाही. आणि त्याच सुमारास, १८६५ व १८७८ च्या वनविषयक कायद्यांनी विस्तीर्ण अरण्ये सरकारच्या ताब्यात जाऊन राखीव झाली. कोळसा पाडण्यास परवाना, लाकडावर आकार, भट्टीवर कर अशी बंधने कारागिरांवर आली. माल विकण्याची बाजारपेठ एका हाताने आणि इंधनाचे रान दुसऱ्या हाताने काढून घेतले गेल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. भट्ट्या एकेक करून थंडावल्या, आणि ज्यांचे पूर्वज लोखंड निर्माण करीत होते ते लोहार परक्या लोखंडाचे तुकडे तापवून ठोकू लागले. महाबळेश्वरच्या धावडांचाही धंदा याच काळात बसला.

वनसंरक्षण मुळीच नको होते, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. आगगाडीच्या रुळांखालच्या लाकडांसाठी आणि शहरांच्या गरजांसाठी अरण्यांची जी बेसुमार तोड चालली होती तिला आळा घालणे प्राप्तच होते. परंतु तो आळा घालताना, ज्याची गरज सर्वांत लहान होती आणि ज्याचा अरण्याशी संबंध सर्वांत जुना होता, त्या भट्टीवाल्यावरच बंधनाचा भार सर्वाधिक पडला, हा त्यातील अन्याय होता.

सरकारलाही लोखंड हवेच होते. मात्र ते मोठ्या भट्टीतून, युरोपीय पद्धतीने, आणि तरीही लाकडी कोळशावर. तत्पूर्वी मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो, म्हणजे परंगीपेट्टै येथे जोशिया हीथ याने असा उद्योग आरंभिला होता. १८६० च्या सुमारास कुमाऊँच्या पायथ्याशी आणि नर्मदेकाठी निमाडातील बडवाह येथे सरकारने स्वीडिश अभियंते आणवून तसाच प्रयत्न केला. बडवाहच्या कारखान्याची उभारणी मिटांडर नावाच्या स्वीडिश तज्ज्ञाने मोठ्या परिश्रमाने केली. पण तो चालू होण्याच्या उंबरठ्यावर असतानाच, १८६४ साली, सरकारने हात आखडता घेतला आणि सारी खटपट पाण्यात गेली. या सर्व उद्योगांच्या अपयशाची कारणे निरनिराळी सांगितली जातात: कधी भांडवल अपुरे, कधी वरिष्ठांची धरसोड, कधी विलायती मालाची स्पर्धा. परंतु त्यांच्या मुळाशी एक अडचण समान होती. मोठी भट्टी एकदा पेटविली की ती रात्रंदिवस चालवावी लागते. तिची भूक एका ठिकाणी, अखंड आणि प्रचंड असते. लाकडी कोळसा नाजूक असल्यामुळे दूरच्या वाहतुकीत त्याचा चुरा होतो, आणि बैलगाडीच्या टप्प्यातले रान संपले की त्याचा खर्च लोखंडाच्या किमतीस गिळून टाकतो. लहान भट्टी अरण्यापाठोपाठ जात असे; मोठ्या भट्टीकडे अरण्यानेच चालत यावे अशी अपेक्षा होती.

अशा पार्श्वभूमीवर चांद्याचे नाव पुन्हा पुढे आले. जिल्ह्याच्या ईशान्य भागात लोहारा नावाचे गाव आहे. तेथील टेकडी जवळजवळ सबंध लोहखनिजाचीच बनलेली आहे. भूगर्भ-सर्वेक्षण खात्याच्या ह्यूज याने १८७० च्या दशकात तिचे वर्णन नोंदविले: सुमारे २०० यार्ड रुंद, शंभराहून अधिक फूट उंच, आणि साठ टक्क्यांहून अधिक लोखंड असलेले खनिज. पिंपळगाव, देऊळगाव येथेही असेच साठे होते. वरोऱ्यास दगडी कोळशाची सरकारी खाण नुकतीच सुरू झालेली होती. खनिज, कोळसा आणि आगगाडी ही तिन्ही एकाच जिल्ह्यात सापडल्यावर सरकारने फॉन श्वार्त्झ नावाच्या तज्ज्ञाकडून या योजनेच्या आर्थिक शक्यतेचा अहवाल करवून घेतला. तो १८८२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, आणि ज्या एका वाचकाच्या मनात त्याने घर केले त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू करून त्यांनी या प्रांतात पाय रोवलेले होते, आणि त्याच प्रांताच्या पोटातील लोखंडावर भारताचा पोलाद-कारखाना उभा राहावा, ही कल्पना त्यांच्या मनाने त्या अहवालापासून धरली.

पण येथेही इंधन आडवे आले. वर्धा-खोऱ्यातील दगडी कोळसा जळण्यास चांगला असला तरी त्याचा कोक होत नाही. भट्टीत खनिजाचा भार तोलून धरील असा कठीण, सच्छिद्र कोक त्यापासून मिळेना. खाणींविषयीचे तत्कालीन नियमही उद्योजकाला निरुत्साही करणारे होते. जमशेटजींनी तो अहवाल जवळ ठेवला आणि जवळजवळ वीस वर्षे वाट पाहिली. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत नियम सैल झाल्यावर त्यांनी अमेरिकेस जाऊन पेरिन या अभियंत्याची मदत मिळविली. आणि वेल्ड हा भूगर्भज्ञ, शापूरजी सकलातवाला व जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांनी चांद्याच्या रानावनातून खनिजाचा शोध घेतला. खनिज उत्तम निघाले, पण साठे विखुरलेले आणि मोठ्या कारखान्याच्या मानाने अपुरे असा वेल्डचा अभिप्राय पडला. निराश होऊन दोराबजी नागपुरास आले असता तेथील संग्रहालयात लावलेल्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग भागातील दल्ली-राजहरा टेकड्यांवरची खूण त्यांच्या दृष्टीस पडली, आणि शोधाची दिशा बदलली. पुढे भूगर्भज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजातील लोखंडाची वार्ता १९०४ च्या फेब्रुवारीत जमशेटजींना कळविली. आणि झरियाचा कोक जवळ असल्यामुळे कारखाना तिकडे, साकचीस गेला. १९११ च्या डिसेंबरात तेथे पहिले लोखंड निघाले, तेव्हा जमशेटजी हयात नव्हते. दल्ली-राजहराचे खनिज मात्र अर्धशतकानंतर भिलाईच्या कामी आले. चांद्याने दोन पोलादनगरींच्या शोधाला आरंभ करून दिला, आणि स्वतः मात्र रिता राहिला.

मग लाकडी कोळशावर मोठी भट्टी चालणे अशक्यच होते काय? तसेही नाही. ज्यांचे शिक्षण पुण्यास झाले आणि ज्यांनी मुंबई इलाख्यात दीर्घकाल सेवा केली, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या प्रेरणेने म्हैसूर संस्थानाने १९२३ साली भद्रावती येथे लाकडी कोळशाचीच झोतभट्टी पेटविली. तेथे राखलेल्या वनाची पद्धतशीर तोड, लाकूड आणण्यासाठी ट्रामवे, आणि कोळसा पाडताना निघणारा धूर वाया न दवडता त्यापासून उपपदार्थ काढण्याची योजना यांची जोड होती. वन, वाहतूक आणि भट्टी यांचा एकत्र विचार एकाच धन्याने केला, म्हणून ती टिकली. बडवाहला आणि चांद्याला जे मिळाले नाही ते हेच.

आज विज्ञान एक मोठे वर्तुळ पूर्ण करून चांद्यास परत आले आहे. चंद्रपूरच्या आसपास जो स्पंज-लोखंडाचा व्यवसाय वाढला आहे, त्यात कोक न होणारा दगडी कोळसा चालतो. कारण तेथे खनिज वितळवीत नाहीत, द्रवणबिंदूच्या खालीच ठेवून त्यातील प्राणवायू काढून घेतात आणि सच्छिद्र लोखंड मिळवितात. म्हणजे नैकुंडच्या भट्टीतले मूलतत्त्वच आता मोठ्या फिरत्या भट्ट्यांत काम करीत आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर चालू झाले आहे. आणि तो डोंगर माडिया-गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान असल्यामुळे, तसेच भोवतीचे अरण्य त्यांच्या उपजीविकेचे साधन असल्यामुळे, त्यांच्यातून विरोधाचा स्वरही उठलेला आहे. ज्या प्रश्नाने जुन्या भट्ट्या विझविल्या तोच प्रश्न नव्या रूपाने समोर उभा आहे: अरण्यावर अधिकार कोणाचा, आणि लोखंडाची किंमत कोणी मोजावयाची?

या प्रश्नाचे उत्तर देताना इतिहासाचा कौल आपण ऐकला पाहिजे. तो असे सांगतो, की खनिजाचा हिशेब करणारे शासन जर इंधनाचा, अरण्याचा आणि त्यात राहणाऱ्या माणसांचा हिशेब त्याच वहीत मांडणार नसेल, तर त्याचा उद्योग एक तर बडवाहसारखा बुडेल, नाही तर दुर्बळांच्या नुकसानीवर उभा राहील. आणि म्हणून दोन गोष्टी आज करण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की विदर्भात आणि सह्याद्रीत लोहकिटाचे जे ढीग अजून शिल्लक असतील त्यांची पुरातत्त्वज्ञांकडून रीतसर नोंद व काळनिश्चिती व्हावी. शंभर वर्षांहून जुने लोहकीट मंडूर भस्मासाठी उत्तम, असे आयुर्वेद मानतो. इतिहासालाही ते तितकेच मोलाचे आहे, आणि रस्त्याच्या खडीत मिसळून गेल्यावर ते पुन्हा मिळणार नाही. दुसरी अशी, की चांद्याच्या डोंगरांतून निघणाऱ्या प्रत्येक नव्या खाणीच्या विचारविनिमयात तेथील ग्रामसभेला तिच्या कायदेशीर अधिकाराप्रमाणे पहिले स्थान मिळावे, आणि ते कागदापुरते नसावे. ज्यांच्या पूर्वजांनी या मुलखाला लोखंडाची विद्या दिली, त्यांना त्या लोखंडाच्या भवितव्याविषयी विचारणे हा उपकार नव्हे. ते आपले देणे आहे.